घोड्याचे खूर स्वतः घासायला शिकताना

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या सुमारास चक्कर मारली की गिऱ्हाईक काय बघतं ते कळतं. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) कुठे आहे, नको तिथे भोवरा तर नाही, कानांची टोकं जुळतात का, रवाल (धक्के न देणारी जलद) चाल कशी आहे. पाय उचलून खुराचा तळ बघणारा माणूस क्वचितच दिसतो. मग तो घोडा शिरूरच्या नाहीतर मुळशीच्या शेतावर येतो. सुरुवातीचे महिने कौतुकात जातात आणि एक दिवस ध्यानात येतं की पुढच्या खुरांची कड बाहेर फाकली आहे, चिरा पडल्या आहेत, आणि जवळचा नालबंद दोन तालुके पलीकडे आहे. लग्नसराईत तर तो फोनही उचलत नाही, कारण वरातीच्या घोड्या त्याच्या दारात रांगेनं उभ्या असतात.

हे लिखाण अशा मालकासाठी आहे. म्हणजे ज्याचा घोडा बिननालाचा आहे, मोकळ्या जमिनीवर राहतो, आठवड्यातून दोन-चार वेळा सवारीला निघतो आणि जो लंगडत नाही. घोडा रोज डांबरावर टांगा ओढत असेल, किंवा माथेरानसारख्या ठिकाणी दगडी वाटांवर दिवसभर माणसं वाहत असेल, तर खूर वाढतो त्याहून जास्त झिजतो. तिथे नाल लागते, आणि नाल ठोकणं हे घरी शिकायचं काम नाही. खिळा दोन-तीन मिलिमीटर आत गेला तरी जिवंत भागात शिरतो.

घासणं मात्र शिकता येतं. माझं मत आधीच सांगतो: नवशिक्यानं कानस घ्यावी, चाकू शक्यतो लांब ठेवावा, आणि दोन महिन्यांनी भरपूर कापण्यापेक्षा तीन-चार आठवड्यांनी थोडंसं घासावं. थोडं कमी घासलं गेलं तर पुढच्या खेपेला घासता येतं. जास्त गेलेलं परत यायला महिने लागतात.

हातात काय आहे ते आधी ओळखा

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारख्याच द्रव्याची बनते. खूर आणि केस जिथे मिळतात त्या कडेपासून ती खाली उतरत जाते, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. पुढच्या टोकाला अख्खी भिंत नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं, टाचेला त्याच्या निम्म्यानं. म्हणजे आज केसांच्या कडेजवळ दिसणारी आडवी वळी ही अलीकडची गोष्ट आहे, आणि जमिनीजवळची चीर जिथून निघाली तो भाग वर्षभरापूर्वी तयार झालेला. ताप, खाण्यात मोठा बदल, आजारपण, सगळ्याची नोंद या वळ्यांत राहते.

आता पाय उचलून तळ बघा. बाहेरून भिंत, तिच्या आतल्या बाजूला एक बारीक रेघ. तिला पांढरी रेघ म्हणतात, असते मात्र पिवळसर. ती घट्ट आणि सलग हवी. रुंद, भुसभुशीत, खडे अडकलेली असेल तर भिंत आतल्या हाडापासून सुटू पाहते आहे असं समजा. रेघेच्या आत तळवा. मधोमध टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा चिवट त्रिकोण म्हणजे फ्रॉग, आणि त्याच्या दोन्ही अंगांना खाचा. टाचेपाशी भिंत वळून आत येते, त्या दोन दांड्यांना बार म्हणतात.

या सगळ्याच्या वर, आत, एक हाड आहे, आणि ते भिंतीला नाजूक पापुद्र्यांच्या जाळीनं अडकलेलं असतं. त्या जाळीवर अख्खा घोडा टांगलेला आहे. उभ्या घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर येतं, म्हणून दुखणीही बहुतेक तिथूनच सुरू होतात.

फ्रॉगच्या टोकाशेजारची खाच किती खोल आहे, हे नव्या माणसाला सर्वात उपयोगी पडणारं माप. खाच खोल असेल तर तळवा जाड आहे. उथळ असेल, बोटाचं पेर टेकवलं तरी लगेच तळ लागत असेल, तर तळवा पातळ आहे आणि त्याला कुठलंही हत्यार लावायचं नाही. कितीही खडबडीत दिसला तरी नाही.

हत्यारं

खूर कोरायची आकडी आणि तारेचा ब्रश रोज लागतात. घासायला १४ इंची खुराची कानस घ्या. तिची एक बाजू मोठ्या दातांची, दुसरी बारीक. सुताराची कानस चालत नाही, तिचे दात भरून जातात. खूर कापायची पक्कड आणि वाकड्या टोकाचा चाकू चांगल्या प्रतीचेच घ्यावेत, पण वर्षभरानं. सुरुवातीला फ्रॉगचे लोंबते तुकडे काढायला चाकू लागेल तेवढा नालबंदाचा वापरा. कातडी हातमोजे आणि मांडीवर जाड कातड्याचा किंवा कॅनव्हासचा एप्रन हवाच. पायात बूट. चपलेवर घोड्याजवळ काम करणारे आपल्याकडे खूप दिसतात, त्यांच्या पायांची बोटं मोजायला हरकत नाही.

कानशीचा हात बसवायला आधी लाकडाचा ठोकळा घ्या. दोन्ही हातांनी, पूर्ण लांबीचा, पुढे ढकलताना दाब आणि मागे आणताना उचल. ठोकळ्याचा माथा सपाट होतोय की एका बाजूला उतरतोय ते बघा. बहुतेक उजवखोऱ्यांचा हात एकीकडे कलतो, आणि तोच कल पुढे घोड्याच्या टाचांत उतरतो. हे एका दुपारी जमत नाही.

याच काळात नालबंद येईल तेव्हा त्याच्याजवळ उभे राहा. त्याची पूर्ण मजुरी द्या आणि वर सांगा की मला बघायचं आहे. पिढीजात काम करणारी ही माणसं बोलत कमी असतात, पण त्यांचा हात पायाच्या वजनाला कसा आधार देतो ते पाहण्यासारखं असतं. एका बाबतीत मात्र माझा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांशी वाद आहे. मालकाला ‘साफ’ खूर आवडतो म्हणून फ्रॉग कोरून देखणा करायचा, तळवा तासून गुळगुळीत करायचा, आणि वरून भिंतीवर कानस मारून चमक आणायची. दिसायला छान. पण फ्रॉग जमिनीला टेकायला आहे, तळव्याची जाडी हेच घोड्याचं दगडांपासूनचं संरक्षण आहे, आणि भिंतीचा बाहेरचा तुकतुकीत थर ओलावा राखतो. तिन्ही गोष्टी दिखाव्यापायी जातात.

पाय देणं

घोडा पाय देत नसेल तर घासायचं नावच काढू नका. रोज दोन वेळा, खरारा करताना, चारही पाय उचलून काही सेकंद धरून ठेवायची सवय लावा. खांद्याशी उभे राहून हात खांद्यावरून खाली घोट्यापर्यंत फिरवत न्या, मग उचला. घोड्यानं पाय स्थिर ठेवला की त्याच क्षणी तुम्ही खाली ठेवा. त्यानं हिसडा मारला म्हणून सोडलात तर तो हिसडा मारायला शिकतो.

कामाच्या वेळी मोहरकीचा दोर धरायला एक माणूस हवा. त्यानं तुम्ही ज्या बाजूला आहात त्याच बाजूला उभं राहायचं. घोडा बिथरला तर तो डोकं स्वतःकडे ओढतो आणि घोड्याचा मागचा भाग तुमच्यापासून दूर जातो. दोर खांबाला करकचून बांधू नका. तुम्ही कधीच मांडी घालून किंवा गुडघ्यावर बसू नका, वाकून उभे राहा.

पुढचा पाय आपल्या दोन्ही गुडघ्यांच्या वर, मांड्यांमध्ये धरायचा. मागचा पाय मागे नेऊन आपल्या मांडीवर टेकवायचा. दोन्ही वेळा पाय घोड्याच्या पोटाच्या रेषेत ठेवा, बाहेर ओढू नका. सांध्याला कळ लागली की घोडा पाय काढून घेतो आणि आपण त्याला खोडकर म्हणतो. म्हाताऱ्या घोड्याचा पाय खालीच, जमिनीलगत धरून काम करा. पाठ तुमचीही आहे: पहिल्या खेपेला दोनच पाय करा, उरलेले दोन उद्या.

घासण्याआधी

सपाट, कडक जमिनीवर, घोड्याला सरळ उभा करा. पुढून, बाजूनं आणि मागून फोटो काढा, फोन जमिनीला टेकवून. तळव्याचेही काढा. दर वेळी त्याच कोनातून. महिन्यांनी हे फोटो ओळीनं लावले की जे डोळ्यांना रोज बघून दिसत नव्हतं ते दिसतं.

बाजूनं बघताना घोट्याखालच्या तिरक्या हाडाची रेघ आणि खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ एका ओळीत आहेत का ते पाहा. पुढच्या खुराचा जमिनीशी कोन साधारण ५० ते ५५ अंशांच्या मधला असतो, पण आकड्याच्या मागे लागू नका. ओळ जुळते का ते महत्त्वाचं. ओळ खुराजवळ येऊन पुढे मोडत असेल तर टोक लांब आणि टाच खचलेली आहे. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्यात केसांच्या कडेपासून टोकापर्यंत पुढची भिंत सुमारे ३ इंच भरते. त्याहून बरीच जास्त असेल तर वाढ झाली आहे.

मग घोड्याला चालवा. पाऊल टेकताना टाच आधी पडते की टोक, हे फोनवर संथ गतीत चित्रित करून पाहा. निरोगी पाऊल टाचेवर किंवा सपाट पडतं. टोक आधी टेकवणारा घोडा टाच वाचवतो आहे. त्याचं कारण शोधल्याशिवाय कानस उचलू नये.

उन्हाळ्यात खूर दगड होतो. आदल्या संध्याकाळी बांधायची जागा भिजवून ठेवा किंवा सकाळी अर्धा तास ओल्या गोणपाटावर उभा करा. पावसाळ्यात उलट, खूर इतका मऊ असतो की कानस लोण्यातून गेल्यागत चालते. तेव्हा हात निम्मा करा.

घासणं

टाचेकडून टोकाकडे आकडी चालवत तळ कोरा, ब्रश मारा. तळव्यावर भुकटी होऊन निघणारा, खडूसारखा भाग मेलेला आहे. त्याखाली घट्ट, तुकतुकीत थर लागतो तो जिवंत तळवा. तीच तुमची जमीन, सगळी मापं तिच्यापासून घ्यायची. फ्रॉगचा लोंबणारा, ज्याखाली घाण अडकते तेवढाच तुकडा काढा.

टाचांपासून सुरुवात करा. कानस दोन्ही टाचांवर एकदम आडवी टेकवा आणि तीन-चार हात मारून थांबा. पाय सैल लोंबता सोडून वरून टाचांकडे नजर टाका: दोन्ही एका उंचीवर आहेत का, आणि त्यांना जोडणारी रेघ पायाच्या रेघेला काटकोनात आहे का. टाचा तळव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच राहिल्या की पुरे. एका खेपेला टाच तीन मिलिमीटरहून जास्त उतरवू नका, कितीही उंच असली तरी. वर स्नायूबंध आहेत, त्यांना सरावायला वेळ लागतो. बार भिंतीहून वर आले असतील तर तेवढेच खाली आणा.

मग कानस टाचेवरून टोकाकडे, एका अंगानं, नंतर दुसऱ्या अंगानं. कानस सपाट. तळव्याला ती लागायला लागली की तिथे थांबायचं. भिंत तळव्यापेक्षा किंचित वर राहिलेली चालते, खाली गेलेली चालत नाही.

आता बिननालाच्या खुरासाठी सर्वात कामाची गोष्ट. पाय पुढे घेऊन खूर टेकवायच्या स्टँडवर किंवा आपल्या मांडीवर टेकवा आणि भिंतीची बाहेरची खालची कड ४५ अंशांत मोडून गोल करा, भिंतीच्या जाडीच्या साधारण अर्ध्यापर्यंत. टोकाला जरा जास्त, टाचेकडे जाताना कमी, आणि टाचेवर नाहीच. धारदार कड दगडाला अडकते, तिथून चीर वर चढते. गोल कडेला पकडायला काही सापडत नाही. भिंत बाहेर फाकलेली असेल तर ती याच कडेतून, दर खेपेला थोडी, आत आणायची. वरून भिंत तासत केसांकडे जायचं नाही. कानस भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली तर थांबा.

पुढचे खूर गोलसर आणि मागचे जरा टोकदार असतात, त्यांना एकसारखे करायला जाऊ नका. डावा आणि उजवाही कधी हुबेहूब नसतो. पांढरा खूर काळ्यापेक्षा कच्चा, हे बाजारात ऐकाल, त्यावर घासणं ठरवू नका.

तळव्यावर गुलाबी छटा दिसली तर तिथलं काम संपलं. रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा, पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा, बांधा आणि डॉक्टरांना फोन करा. धनुर्वाताची लस झाली आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. म्हणून कानस विकत घेण्याआधी लस टोचून घ्या. सुरुवातीला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

संपल्यावर घोड्याला पुन्हा त्याच कडक जमिनीवर चालवा. आधीपेक्षा जपून चालत असेल तर तुम्ही जास्त घेतलं आहे. मऊ जमिनीवर ठेवा, सवारी बंद. दर तिसऱ्या-चौथ्या खेपेला नालबंदाला बोलवून आपलं काम दाखवा. तो हसला तरी चालेल.

पावसाळा

आपल्याकडे खुरांचा खरा शत्रू चिखल आहे, आणि चिखलापेक्षाही शेण-मुताचा ओलावा. काळ्या मातीत तर खुराखाली गोळा बसतो आणि दिवसभर आत हवा जात नाही. फ्रॉगच्या खाचेत काळा, दुर्गंधी येणारा चिकट द्रव दिसला की सडण सुरू झाली. वास एकदा घेतला की विसरत नाही. खाच कोरून, धुऊन, पूर्ण कोरडी करून पोविडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस खोलवर बसवा, रोज बदला. मोरचूद वापरतात, पण ती पाण्यात पातळ करून आणि उघड्या मांसाला न लावता. फॉर्मॅलिन ओतायची सवय काही तबेल्यांत आहे, ती सोडा. जळकं इंजिन ऑइलही.

औषधापेक्षा जागा महत्त्वाची. गोठ्याच्या एका कोपऱ्यात मुरूम टाकून, वर जाडी वाळू किंवा बारीक गोटे पसरून उंचवटा करा, पाणी निघून जाईल असा. दिवसातले काही तास तरी घोड्याचे पाय कोरडे राहिले पाहिजेत. बारीक गोट्यांवर उभं राहून तळवा आपोआप घासलाही जातो.

खुराला लावायच्या तेलांवर मी पैसे घालत नाही. चांगला खूर पोटातून येतो. बायोटिन हे जीवनसत्त्व दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम दिलं तर काही घोड्यांत फरक पडतो, पण तो दिसायला नवी भिंत खाली उतरावी लागते, म्हणजे वर्षाच्या आसपास. गव्हाचा कोंडा, हरभरा आणि गूळ यांवर पोसलेला गुबगुबीत घोडा आपल्याकडे तंदुरुस्त मानला जातो. त्याच घोड्याचे खूर आतून सुजण्याचा धोका सर्वात जास्त असतो.

जिथे कानस खाली ठेवायची

घोडा पुढचे पाय ताणून वजन मागे टाकून उभा आहे, वळताना अवघडतो आहे, खूर गरम लागतात, घोट्यामागे बोट ठेवल्यावर नाडी ठकठक जाणवते: ही आतल्या पापुद्र्यांची सूज, लॅमिनायटिस. धान्य आणि गूळ बंद करा, मऊ जागेत ठेवा, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. पुढचं घासणं एक्स-रे पाहून, डॉक्टर आणि नालबंद दोघांनी मिळून ठरवायचं. पुण्या-मुंबईकडे शर्यतीच्या घोड्यांमुळे पोर्टेबल एक्स-रे असलेले डॉक्टर सापडतात. लांब असाल तर त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

कालपर्यंत नीट असलेला घोडा आज एक पाय टेकवतच नसेल तर बहुधा आत पू झाला आहे. स्वतः कोरून शोधू नका. आणि तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर, तो आणखी आत जाणार नाही असा आधार खुराला बांधून, खिळा तसाच ठेवून डॉक्टरांची वाट बघा. उपटून टाकला की तो कुठपर्यंत गेला होता हे एक्स-रेमध्ये कळत नाही.

शिंगराचे खूर वर्षभर तरी जाणकाराकडेच द्या. त्या वयात हाडं वळणाला येत असतात आणि एका बाजूला जास्त गेलेली कानस पाय वाकडा करू शकते. गाढव पाळणाऱ्यांनीही हे सगळं जसंच्या तसं लावू नये, त्याचा खूर जात्याच उभट असतो.

कानस कधी लोखंडावर घासू नका, जुन्या नालेवर तर नाहीच. काम झालं की ब्रश मारून, तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. दाब वाढवावा लागायला लागला की ती बोथट झाली, आणि बोथट कानशीला जोर लावताना हात घसरतो. तेव्हा ती कुदळ-विळ्याच्या कामाला द्या आणि नवी आणा.